ठकीची वही : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

ठकी, आमच्या इथली माकडीण, गेली त्याला आज अठरा दिवस झाले. सकाळच्या बैठकीत ठरलं की तिचं आयुष्य नीट लिहून काढायचं. एक वही तयार करायची, नव्याने येणाऱ्या काळजीवाहकांना वाचायला देता येईल अशी, आणि एक फलक तिच्या आवाराबाहेर लावायचा. काम मी मागून घेतलं. त्या आवारात मी सोळा वर्षं काम केलंय. तिच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला वाचवलं नसतं.

दुपारी सगळं सामान एका टेबलावर आणलं. रोजच्या नोंदींची सव्वीस रजिस्टरं, वजनाचा तक्ता, डॉक्टरांची जाडजूड फाइल, अलीकडच्या काही वर्षांतलं रात्रीच्या कॅमेऱ्याचं चित्रण. आणि कपाटातला एक पत्र्याचा डबा, ज्यात तिचा पट्टा आहे. डबा आज उघडला नाही.

५ जानेवारी

पहिलं रजिस्टर, पहिलं पान. अक्षर काकांचं. ते इथले सर्वांत जुने काळजीवाहक, आता निवृत्त झालेत. जसं लिहिलंय तसंच वहीत उतरवून घेतलं:

"मादी. ऱ्हीसस, लाल तोंडाचं माकड. वय अंदाजे ४, दातांवरून. वजन ३ किलो ४००. कमरेला चामडी पट्टा, पट्ट्याखाली जखम. वरचे दोन्ही सुळे कापलेले. डाव्या दंडावरचे केस उपटलेले. सोबत एक टॉवेल. टॉवेल काढून घेऊ नये."

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

घरात पाळलेली होती ती. अशा माकडांची गोष्ट बहुतेक वेळा सारखीच असते. पिल्लू आईच्या पोटाशी असतानाच ओढून आणलं जातं. वर्षभर ते खेळणं असतं. मग अंगात ताकद येते, चावे बसायला लागतात, आणि खेळण्याचं बंदिवान होतं. सुळे कापतात ते तेव्हाच. जंगलात ऱ्हीससचं पिल्लू साधारण वर्षभर दूध पितं, आणि मादी तर जन्मभर आईच्याच गटात राहते. ठकीच्या वाट्याला आईऐवजी टॉवेल आला.

हॅरी हार्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाले. ऱ्हीससच्या पिल्लांना आईपासून तोडून त्यांच्यापुढे दोन बनावट आया ठेवल्या होत्या, एक उघड्या तारेची, दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाला बिलगून राहत. ते प्रयोग मला शांतपणे वाचता येत नाहीत. पिल्लाला ऊब लागते, बिलगायला कुणीतरी लागतं, हे कोणतीही माकडीण दाखवून देईल. त्यासाठी इतकी पिल्लं एकटी पाडायची गरज नव्हती. पण काकांच्या त्या दोन रेघांमागे हेच ज्ञान होतं, हेही खरं.

नावाचा उल्लेख आठव्या दिवशी येतो. माणूस जवळ आला की ती हातपाय जुळवून लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची, पापणीसुद्धा हलवायची नाही. म्हणून ठकी.

७ जानेवारी

आज माझीच एक चूक सापडली. मी कामाला लागले त्या पहिल्या महिन्यातली, माझ्या तेव्हाच्या गोल गोल अक्षरातली नोंद: "ठकी आज माझ्याकडे बघून हसली!"

ती हसली नव्हती. ओठ मागे ओढून दोन्ही ओळींचे दात दाखवणं ही ऱ्हीससमध्ये भीतीची खूण. 'मी लहान आहे, मला मारू नकोस' असा त्याचा अर्थ. आणि तिला भीती वाटली, कारण मी तिच्या डोळ्यांत डोळे घालून, स्वतःचे दात दाखवत, जाळीला नाक लावून उभी होते. या माकडांच्या भाषेत रोखून बघणं म्हणजे धमकी. मला वाटत होतं की आमची मैत्री जुळतेय, आणि ती माझ्याकडे दयेची याचना करत होती.

काका त्या दिवशी ओरडले नाहीत. त्यांनी मला चार पावलं मागे घेतलं, तिच्याकडे तिरकं उभं केलं आणि म्हणाले, "पोरी, तोंडाकडे बघू नकोस. खांदे बघ. खांदे कानाशी गेलेत का? पाठ भिंतीला लागलीय का? मग तोंडाला काहीही म्हणू दे."

नोंद वहीत तशीच ठेवायची असं ठरवलं. खाली आजची तारीख घालून खुलासा लिहिला. नव्या मुलांना या एका नोंदीतून जे कळेल ते चार पानी सूचनांतून कळणार नाही.

९ जानेवारी

पहिली तीन वर्षं वाचून झाली. वाचायला जड गेली. ती एकटीच होती, शेजारच्या माकडांना जाळीतून बघत. पानापानांवर तेच: डोलते आहे, दंड चावते आहे, एकाच कोपऱ्यात आठच्या आकड्यात फेऱ्या मारते आहे. एका पानावर कुणीतरी फेऱ्या मोजल्यात. दहा मिनिटांत एकशे चौदा.

दुसऱ्या वर्षी तिला चार माद्यांच्या गटात सोडायचा प्रयत्न झाला. सहाव्या दिवशी शेपटीच्या मुळाशी चावा बसला, सात टाके पडले. रजिस्टरात एवढंच आहे: "गट जोडणी थांबवली." का, ते कुणी लिहिलं नाही. वहीत मी लिहिलं. ऱ्हीसस मादीला गटातली जागा आईकडून मिळते. आईच्या लगेच खालची पायरी मुलीची, आणि धाकटी बहीण थोरलीच्या वर चढते. सगळं नात्यावर चालतं. ठकीला आई नव्हती म्हणून पायरी नव्हती, आणि पायरी नसलेल्याने कुठे बसावं, कुणाला वाट द्यावी, कधी नजर वळवावी, हे तिला शिकवायला कुणी नव्हतं. ती थेट गटातल्या सर्वांत वरच्या मादीशेजारी जाऊन बसली, तिच्या पुढ्यातलं खाणं उचललं, आणि धमकी मिळाल्यावर हटली नाही. तिला ती धमकी कळलीच नाही.

आमची घाई झाली होती. 'आमची' म्हणते कारण मी तेव्हा नव्हते तरी आज जबाबदारी माझीही आहे.

१० जानेवारी

पाचव्या रजिस्टरात ओल शिरून चार महिन्यांची पानं एकमेकांना चिकटली आहेत. सुटत नाहीत. फोनवर काका म्हणाले, "मला आठवतं, सांगतो." त्यांचं सांगणं वेगळ्या शाईत लिहून घेतलं. रजिस्टरातलं निळ्या शाईत, आठवणीतलं हिरव्या. दोन्ही एकत्र करायचं नाही हा नियम आज केला.

१२ जानेवारी

मावशी.

हिच्याबद्दल वेगळी वही करायला हवी, पण तिच्याशिवाय ठकीची गोष्ट सांगता येत नाही. मावशी एका प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आली होती. छातीवर गोंदलेला नंबर होता, वयामुळे त्यातले आकडे पसरून पुसट झाले होते. प्रयोगशाळेत तिला बरीच वर्षं दुसऱ्या मादीबरोबर ठेवलं होतं, त्यामुळे तिला माकडांची रीतभात पक्की ठाऊक होती. तिचं नाव काकांनी ठेवलं. "माय मरो पण मावशी उरो, म्हणतात ना," ते म्हणाले, "बघू या म्हण खरी होते का."

या वेळी घाई नव्हती. शेजारी-शेजारी दोन खण, मध्ये दुहेरी जाळी. पुढे तिची एकेरी झाली. ठकी तिच्या टोकाला टॉवेलवर, मावशी तिच्या टोकाला. मावशी रोज एकदा जाळीपाशी यायची, अंग तिरकं करून बसायची आणि ओठ चपचपवायची. ओठांची ती भराभर चपचप म्हणजे 'मी काही करणार नाही, ये' असं बोलणं. ठकी तिच्याकडे बघायची आणि दात दाखवायची. मावशी थोडा वेळ थांबून निघून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

एकेचाळीस दिवस.

एकेचाळिसाव्या दिवसाची नोंद माझ्या हातची आहे आणि तो प्रसंग मला लख्ख आठवतो, म्हणून निळ्या आणि हिरव्या अशा दोन्ही शाया वापरल्या. निळ्यात: "स. ९.२०. ठकीने ओठ हलवले." हिरव्यात: आवाज नव्हता. खालचा ओठ तीनदा हलला आणि थांबला, जसं एखादं मूल शब्द आधी मनात म्हणून बघतं. मग पुन्हा, या वेळी दोन्ही ओठ. मावशीने लगेच उत्तर दिलं. ठकी उठून टॉवेलमागे लपली. पाच मिनिटांनी टॉवेलच्या कडेवरून तिचं डोकं वर आलं, ओठ हलत होते.

सरकता दरवाजा उघडला तो अकराव्या आठवड्यात. एक वीतभर आधी, मग अर्धा, मग पूर्ण.

१५ जानेवारी

आज एक धक्का बसला. इथल्या जुन्या माणसांपैकी कुणालाही विचारा, ठकीने टॉवेल कधी सोडला? सगळे सांगतील: मावशीने तिला पहिल्यांदा जवळ घेतलं त्या दिवशी. मीही भेट देणाऱ्यांना हेच सांगत आले आहे, कितीतरी वेळा, आणि दर वेळी लोकांचे डोळे पाणावलेले पाहिलेत.

रजिस्टर तसं म्हणत नाही. मावशीने जवळ घेतल्यावरही आठ महिने टॉवेल होता. मावशी तिचं डोकं विंचरायची तेव्हा टॉवेल मांडीवर असायचा. मग एका साध्या मंगळवारी: "टॉवेल दिवसभर फळीवर. उचलला नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडीवर. चार दिवसांनी फळीवर. असं मागेपुढे सात आठवडे. शेवटी एक नोंद: "टॉवेल धुवायला नेला. विचारणा नाही." म्हणजे तिने तो शोधला नाही.

आम्ही सात आठवड्यांचा एक क्षण केला होता. तो खोटा होता असं नाही म्हणणार, पण तो तिचा नव्हता. तिने टॉवेल सोडला तो हळूहळू, उचलत, ठेवत, विसरत, पुन्हा आठवत. वहीत सातही आठवडे तारीखवार घातले. दोन पानं गेली. जाऊ देत.

१८ जानेवारी

तीन दिवस फक्त मोजणी केली. कशाची, ते आधी सांगते.

सातव्या-आठव्या वर्षाची रजिस्टरं वाचताना मी कंटाळले. खरंच कंटाळले. पान उलटावं तर ठकीच्या नावापुढे दोनच शब्द: विशेष नाही. खाली, दुसरी तारीख, दुसऱ्या माणसाचं अक्षर: विशेष नाही. आधी राग आला, की लोकांनी नोंदी किती आळसाने लिहिल्या! फलकासाठी काही सापडेना. काकांना फोन केला आणि तक्रार केली.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विशेष नाही लिहायला किती वेळ लागतो ठाऊक आहे का तुला? सबंध फेरी. खाल्लं का, ते बघायचं. शी बघायची. चारही हातपाय टेकते का बघायचं. दंडावर नवा ओरखडा आहे का? कुणाशेजारी बसलीय? या पाच गोष्टी बघितल्याशिवाय मी ते दोन शब्द कधी लिहिले नाहीत, आणि तुम्हाला लिहू दिले नाहीत. आठवतं ना?"

आठवलं. मग मोजायला बसले. पहिल्या वर्षी 'विशेष नाही' तीन वेळा. दुसऱ्या वर्षी नऊ. तिसऱ्या वर्षी चौदा. मावशी आली त्या वर्षी अठ्ठावीस. पुढे वाढत वाढत सातव्या वर्षी तीनशे अकरा.

वर्षाचे तीनशे अकरा दिवस तिने दंड चावला नाही, डोलली नाही, भेदरली नाही, उपाशी राहिली नाही. कुणाच्या तरी शेजारी बसली. तिच्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ रजिस्टरात दिसतच नाही, कारण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. मी इतके दिवस प्रसंग शोधत होते.

याच वर्षातली माझी एक नोंद: "ठकी हल्ली जाळीजवळ येत नाही. हाक मारली तरी बघत नाही. तब्येत तपासावी." समासात डॉक्टरांनी लिहिलंय: "तपासली. उत्तम आहे. मावशीबरोबर व्यस्त आहे." तेव्हा मला वाईट वाटलं होतं, हे आठवतं. तीन-चार वर्षं जिने माझी वाट बघितली तिने पाठ फिरवली असं वाटलं. आज तीच नोंद वहीच्या पहिल्या भागात घेतली. आमच्या कामाचं यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र रजिस्टरांत दुसरं नाही.

२१ जानेवारी

डबा उघडला. पट्टा माझ्या अपेक्षेपेक्षा लहान निघाला. माझ्या मनगटाला दोन वेढे बसतील एवढाच. चामडं आतल्या बाजूने काळं आणि कडक, घाम आणि रक्त सुकून झालेलं. कारखान्यात पाडलेली भोकं पाच, सारख्या अंतरावर. सहावं खिळ्याने पाडलेलं, वेडंवाकडं, बकलाच्या अगदी जवळ. म्हणजे पट्टा बांधला तेव्हा ती इतकी लहान होती की पाचवं भोकही सैल पडत होतं. बकलाची खूण मात्र त्याच सहाव्या भोकापाशी सर्वांत खोल आहे. ती वाढली आणि पट्टा तिथेच राहिला.

तिच्या कमरेवर पुढे कधी केस उगवले नाहीत. बोटभर रुंदीची गुळगुळीत पट्टी, शेवटपर्यंत.

पट्टा फलकाशेजारी काचेत लावावा असा एक प्रस्ताव आहे. त्यामागची भावना मला समजते, बघणाऱ्याला एका नजरेत सगळं कळेल. पण मी विरोध नोंदवला. तो पट्टा माणसांच्या इतिहासातली वस्तू आहे, ठकीच्या नव्हे. तिच्या आवाराबाहेर उभं राहून लोकांनी एकोणीस वर्षं सोडून ती चार वर्षं बघावीत हे मला पटत नाही. आम्ही शाळेच्या मुलांशी बोलतो त्या खोलीत पट्टा ठेवावा, जिथे माकड पाळू नका हे सांगायचं असतं. मान्य झालं.

२३ जानेवारी

लोक नेहमी विचारतात, सोळा वर्षांत तिला एकदा तरी कुशीत घेतलं असेल ना? वहीत याचं उत्तर असावं.

नाही. मी तिला हात लावला तो फक्त ती भुलेत असताना, हातमोजे घालून. कारणं दोन. एक, मकाक जातीच्या माकडांत (ऱ्हीसस त्यांतलंच) बी विषाणू असतो. त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही, माणसाला झाला तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. १९३२ साली माकड चावून दगावलेल्या एका तरुण संशोधकामुळे तो उजेडात आला, आणि त्याच्याच आडनावाच्या आद्याक्षरावरून विषाणूला नाव पडलं. म्हणून आमच्याकडे चष्मा, मास्क, मोजे, आणि साधा ओरखडा आला तरी पंधरा मिनिटं साबण-पाण्याने घासून धुणं. धोका उलटही आहे. माणसाकडून माकडाला क्षय होतो आणि तो सबंध गट संपवू शकतो.

दुसरं कारण मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिलं. तिला माणसाच्या कुशीची सवय लावणं म्हणजे पट्टाच, फक्त मऊ.

२७ जानेवारी

बाराव्या वर्षी मावशी गेली. वय झालं होतं, झोपेतच. नियमाप्रमाणे तिला लगेच हलवलं नाही. माकडांनाही कळायला वेळ लागतो.

निळ्या शाईत, काकांच्या अक्षरात, तासातासाची नोंद आहे. ठकी आधी नेहमीसारखी शेजारी बसली. मावशीचा दंड विंचरला, केस बाजूला करून, कातडीवरून अंगठा फिरवत. आपण त्याला उवा काढणं म्हणतो, पण ऊ असो नसो, त्याने माकडाच्या हृदयाचे ठोके मंदावतात, अंग सैल पडतं. मावशीचं अंग सैल पडलं नाही. ठकीने तिचा हात उचलला, सोडला. पुन्हा उचलला. साडेतीन तासांनी ती उठून वरच्या फळीवर गेली आणि पाठ करून बसली. तेव्हा मावशीला बाहेर आणलं.

पुढचे नऊ दिवस डोलणं परत आलं. दंडावर दोन नव्या जखमा. मला वाटलं, सगळं गेलं, आठ वर्षं गेली.

दहाव्या दिवशी शेजारच्या खणात दोन वयस्क माद्या आणल्या. दोघी घाबरलेल्या, एकमेकींना धरून. आणि ठकी जाळीपाशी गेली, अंग तिरकं करून बसली आणि ओठ चपचपवले. आधी तिने. एकोणीस दिवसांत दरवाजा उघडला.

हे पान लिहून झाल्यावर आज पुढे काम केलं नाही.

३० जानेवारी

म्हातारपण. संधिवात कमरेत आणि मणक्यांत, क्ष-किरणात दिसतो. फळ्या खाली आणल्या, दोराऐवजी उतरती लाकडी पायवाट केली, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या. औषध आधी केळ्यातून द्यायचो, मग भोपळ्यातून. शेतात पिकणारी केळी रानफळांपेक्षा फार गोड असतात. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने २०१४ साली माकडांची केळी बंद केली, तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं, पण दातांसाठी आणि मधुमेह टाळण्यासाठी ते बरोबर होतं.

शेवटच्या तीन-चार वर्षांत ती दोघींपैकी एकीशीच जास्त बसायची. आम्ही 'रुसली' म्हणायचो. रुसवा नव्हे तो. पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर १९३८ साली भारतातून नेलेल्या ऱ्हीससची वसाहत आहे, तिथल्या माकडांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालतो. तिथेही दिसलंय की म्हाताऱ्या माद्या आपणहून मोजक्या, जवळच्या सोबतिणींपुरत्या उरतात. वहीत 'रुसली' शब्द जिथे जिथे आहे तिथे खूण केली.

२ फेब्रुवारी

शेवटचे सात महिने. वजनाचा तक्ता: ६ किलो २००, ५ किलो ६००, ४ किलो ९००, ४ किलो ३००. हिरड्या फिकट. आतड्यात गाठ, म्हाताऱ्या ऱ्हीससमध्ये हा कॅन्सर वरचेवर आढळतो. शस्त्रक्रियेने मिळतील ते आठवडे वेदनेचे असते. डॉक्टरांनी तीन वेळा बैठक घेतली. तिसऱ्या बैठकीत कुणी काही बोललं नाही, म्हणजे ठरलं.

एक गोष्ट लिहायची की नाही यावर रात्रभर विचार केला. लिहिते.

नवव्या वर्षापासून आम्ही तिला जाळीला मांडी टेकवून इंजेक्शन घ्यायला शिकवलं होतं. जबरदस्ती नाही, भुलेचा डार्ट नाही. ती स्वतः येणार, मांडी टेकवणार, सुई घेणार, मग आवडीचा घास. नको असेल तर उठून जायची मोकळीक. त्या सकाळीही तसंच केलं. मी जाळीपाशी तिरकी बसले. ती पायवाटेवरून आली, मध्ये दोनदा थांबली. मांडी टेकवली. पहिली सुई झोपेची होती. तिने घास घेतला, गालाच्या पिशवीत ठेवला, खाल्ला नाही. तिथेच बसून राहिली, माझ्याकडे न बघता, खांदे खाली सोडलेले. मी खांदेच बघत होते. डोकं हळूहळू कलत गेलं. दुसरं इंजेक्शन डॉक्टरांनी आत जाऊन दिलं. मी मोजे घालून तिचा हात धरला. तळवा खरबरीत, गार.

तिच्या विश्वासाचा मी उपयोग केला, हे माझ्या मनातून जात नाही. पण पाठलाग, आरडाओरडा, डार्ट हे काही झालं नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं वहीत आहेत.

दोघी सोबतिणींना तिच्याजवळ जाऊ दिलं. एकीने कान हुंगला. दुसरी लांब बसून राहिली, मग आली.

५ फेब्रुवारी

फलकाच्या मजकुरावर बैठक. पहिला मसुदा 'वेदनेकडून आनंदाकडे' असा होता. मी म्हटलं, असा प्रवास झालाच नाही. डोलणं, चावणं शेवटपर्यंत कधीमधी यायचं. चौथ्या वर्षापर्यंत जे मोडलं होतं त्यातलं काही सांधलं, काही नाही.

कुणीतरी मिस बेकरच्या समाधीचा विषय काढला. ती स्क्विरल मंकी जातीची छोटी माकडीण १९५९ साली एबल नावाच्या ऱ्हीससबरोबर रॉकेटमधून अंतराळात जाऊन जिवंत परतली आणि १९८४ पर्यंत जगली. अमेरिकेत हंट्सव्हिलला तिची समाधी आहे, लोक अजूनही तिथे केळी ठेवतात. ऐकून बरं वाटलं. पण तिला जायचं होतं म्हणून ती गेली नव्हती, आणि दगडावर कोरला आहे तो माणसांचा पराक्रम. ठकीने काहीच पराक्रम केला नाही. तिने मावशीचं डोकं विंचरलं, उन्हात पाय पसरून बसली, पावसात आत पळाली.

फलकावर अखेर हे ठरलं: नाव, जात, आली तेव्हाचं वय आणि गेली तेव्हाचं, मावशीचं आणि दोघी सोबतिणींचं नाव. खाली एकच ओळ: "रजिस्टरातले ४,२१६ दिवस : विशेष नाही." अर्थ कळणार नाही अशी शंका दोघांनी काढली. बाजूला उभं राहून समजावून सांगायला मी तयार आहे, असं म्हटलं.

८ फेब्रुवारी

फलक लागला. स्क्रू गंजू नयेत म्हणून स्टेनलेस स्टीलचे घेतले. लाकडी पायवाट काढायची का, असं विचारणं आलं. दोघींचंही वय झालंय, राहू दे म्हटलं. थोरली दुपारी तिच्यावरच बसली होती.

वहीच्या दोन प्रती केल्या. एक कपाटात, एक रजिस्टरांच्या शेजारी, दोऱ्याने बांधून.

संध्याकाळी महिन्याभरापूर्वी लागलेली मुलगी चालू रजिस्टर घेऊन आली, पेन उघडून. "ताई, थोरलीचं काय लिहू? विशेष नाही लिहू का?"

"कुणाशेजारी बसली होती?"

तिने पेनाचं टोपण लावलं आणि परत आवाराकडे गेली.